दिवसाला 40 किलोमीटर : कॅम्परव्हॅन, कयाक आणि बेळगाव भागातलं खाणं

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर कोल्हापूर. लग्नाला 34 वर्षं झाली. या वर्षांत कोल्हापूर-बेळगाव-खानापूर रस्ता किती वेळा केला याला गणती नाही, पण दरवेळी घाईतच. सकाळची एसटी पकडायची, दुपारी आईच्या हातचं जेवायचं आणि तिसऱ्या दिवशी परत. निपाणी म्हणजे खिडकीतून येणारा तंबाखूचा वास आणि पुढचा तवंदी घाट, एवढीच माझी ओळख. गोकाक तर मी 58 वर्षांची होईपर्यंत पाहिलंच नव्हतं. माहेरचा जिल्हा असून!

हे 31 वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्त झाल्यावर एक जुनी व्हॅन घेतली आणि कॅम्परव्हॅन करायला रीतसर दिली. मागे पलंग, बाजूला ओटा, दोन शेगड्यांची गॅस, छोटा फ्रिज, टपावर सोलर पॅनल. कयाकची, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या छोट्या होडीची, आवड मुलीमुळे लागली. तिनं दोघांची हवा भरायची कयाक वाढदिवसाला दिली. घडी घातली की मोठ्या बेडिंगएवढी होते, पलंगाखाली मावते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. 11 दिवस, 500 च्या आसपास किलोमीटर. नियम एकच केला होता, दिवसाला साधारण 40 किलोमीटर, त्यापुढे नाही. (गणेशगुडीच्या टप्प्याला आणि परतीला तो मोडला, तो भाग वेगळा.)

हा आकडा सांगतेय त्याला कारण आहे. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे धो धो पाऊस, तांबडी माती, भात. पूर्वेला गोकाक-अथणीकडे काळी जमीन, कमी पाऊस, जोंधळा. हा बदल गाडी जोरात मारली तर कळत नाही. 40 किलोमीटरनं थांबत गेलं की तो ताटात दिसतो. भाकरीच्या जागी भात येतो, शेंगदाण्याच्या जागी ओलं खोबरं येतं, आमसूल लागतं तसं चिंच मागे पडते. मला हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मी स्वतःही कधी लक्ष दिलं नव्हतं.

निपाणी-संकेश्वर भाग पटकन उरकला. संकेश्वरला मिरची घेतली. लांबट, सुरकुतलेली, तिखट. बाजारातल्या मावशींनी सांगितलं तसं अर्धी संकेश्वरी आणि अर्धी ब्याडगी घेतली, एक तिखटाला आणि एक रंगाला. गाडीत दोन दिवस तोच वास. हिडकल धरणाच्या फुगवट्याशी दुपारी पोचलो, पण वारा असा सुटला होता की पाण्यावर पांढऱ्या रेघा दिसत होत्या. कयाक बाहेर काढलीच नाही. चहा करून पाणी बघत बसलो.

गोकाकचा धबधबा हिवाळ्यात बारीक असतो. घटप्रभा 52 मीटरवरून खाली येते. पावसाळ्यात तिचं रूप वेगळं, हे खरं, पण बारीक धारेत कड्याचे थर दिसतात आणि समोरचा झुलता पूल, जुनी गिरणी, काठावरचं महालिंगेश्वराचं देऊळ निवांत बघता येतं. तिथून गोकाक गावात जाऊन करदंट घेतलं. कन्नडमध्ये करिद म्हणजे तळलेलं आणि अंट म्हणजे डिंक. नावातच कृती आहे. डिंक तुपात फुलवायचा, गुळाच्या पाकात सुकं खोबरं, बदाम, काजू, खारीक घालायची. थंडीत सकाळी एक तुकडा आणि वर कपभर दूध घेतलं की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते.

गोकाकच्या पुढे एका शेताच्या कडेला गाडी उभी करायला आम्ही मालकांची परवानगी मागत होतो. त्या दिवशी एळ अमावास्या. बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून घरंच्या घरं शेतात निघाली होती. मालकांच्या आईनं, मी अज्जीच म्हणते, मला नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. "ऊट आयिता?" एवढंच विचारलं. जेवण झालं का? मी मान हलवली तशी माझं मनगट धरून ओळीत नेऊन बसवलं.

आधी चरग. पाच दगड मांडून पूजा केली, मग ताटातलं थोडं थोडं काढून घरातला एक मुलगा शेताच्या चारी बाजूंना शिंपडत गेला. जमीन म्हणजे पोटुशी बाई, तिचे हे डोहाळे, असं अज्जी हातानं पोट दाखवून सांगत होत्या. मग आपली पानं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पापडासारखी कडक जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, अंबाडीची भाजी (तिकडे पुंडीपल्ले), शेंगाची पोळी, कडबू, दहीबुत्ती आणि तीन चटण्या. शेंगाची, कारळ्याची आणि जवसाची. कडक भाकरी मोडली की आवाज येतो. पंचवीस माणसं एकदम भाकरी मोडतात तेव्हाचा तो आवाज माझ्या कानात आहे. यांना तीन वेळा वांगं वाढलं. चौथ्या वेळी यांनी पानावर आडवा हात धरून "साकु, साकु" (पुरे, पुरे) म्हटलं, तर सगळ्या बायका खूश. तेवढा एकच कन्नड शब्द यांना येत होता आणि तो बरोबर जागी लागला.

मी कोल्हापूरची सून, खानापूरची लेक, मराठीच बोलणारी. त्या अज्जी कन्नडच बोलणाऱ्या. निघताना त्यांनी ओटीत शेंगा घातल्या आणि माझ्या दंडावरून हात फिरवला. माझी आईही निघताना असंच करायची.

बेळगावात तीन रात्री शहापुरात भावाच्या दारात गाडी लावली. किल्ल्यात जाऊन कमल बस्ती पाहिली. 1204 सालची, रट्टांच्या काळातली, छतात दगडी कमळ. टिळकवाडीत काँग्रेस विहीर पाहिली. 1924 च्या ज्या अधिवेशनाचे गांधीजी अध्यक्ष होते, त्यासाठी खणलेली. सकाळी उप्पीट-शिरा, संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी, रात्री भावजयीच्या हातचं. आणि एका संध्याकाळी वहिनीच्या मावशींकडे मांडे.

मांडे मी रुखवतात शंभरदा पाहिलेत, खाल्लेत. करताना कधी इतक्या जवळून पाहिले नव्हते. चुलीवर खापर पालथं. मळलेली कणीक इतकी सैल की हातातून ओघळेल. त्यात पिठीसाखर, वेलदोडा, खसखस यांचं सारण. मावशींनी गोळा पोळीएवढा लाटला आणि मग दोन्ही मनगटांवर घेतला. बोटं नाही लावायची, मनगटं आणि कोपरापर्यंतचा हात. हात पुढेमागे, पुढेमागे, आणि पोळी आपल्या वजनानं खाली उतरत जाते. पलीकडची चूल त्या पोळीतून दिसायला लागली. मग एका झेपेत खापरावर. तीस मोजेपर्यंत भाजून झाली, ओली असतानाच चौकोनी घडी. मावशींच्या कोपराच्या आतल्या बाजूला भाजल्याच्या जुन्या खुणा आहेत, चार-पाच. मी एक करून पाहिला. मनगटावरच फाटला. दुसराही फाटला. तिसरा खापरापर्यंत गेला, मावशींनी तो वेगळा बांधून माझ्यासाठी दिला.

खानापूरला मातीचं दह्याचं भांडं घेतलं (इथली कुंभारकामाची माती नावाजलेली आहे, म्हणून तर केंद्राची ग्रामीण कुंभारकाम संस्था इथे आहे), हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात तासभर बसलो, नंदगडला संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपाशी गेलो. आणि माहेरच्या गावाजवळ बंधाऱ्याच्या फुगवट्यात एकदाची कयाक पाण्यात घातली. आधी मासे धरणाऱ्या काकांना विचारलं, पाणी किती, झाडं कुठं बुडालीत, मगर कधी दिसलीय का. त्यांनी काठाकाठानं कुठवर जायचं ते दाखवलं.

पहिली 20 मिनिटं आम्ही नुसते गोल फिरलो. उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे, डावीकडे मारलं की उजवीकडे. यांना वाटलं माझं चुकतंय, मला वाटलं यांचं. काठावर माझे दोन भाचे जोरजोरात सूचना देत होते. शेवटी हे उतरून कयाक उलटी करून बघतात तर खालचा पंख लावायचाच राहिला होता. तो पिशवीच्या चोरकप्प्यात. हवेच्या कयाकचा तळ सपाट असतो, तो पंख नसेल तर तिला सरळ जाताच येत नाही. लावला आणि नदी बदलली. एका तालात वल्हं पडायला लागलं. माझ्या लहानपणी ज्या दगडावर आई कपडे आपटायची तो दगड मी पहिल्यांदा पाण्याच्या बाजूनं पाहिला. इतका छोटा आहे तो.

शेवटी रामनगर-जगलबेटवरून गणेशगुडी. हे उत्तर कन्नड जिल्ह्यात येतं, पण खानापूरच्या माणसाला परकं नाही. वर्षअखेरीची गर्दी ओसरल्यावर, मधल्या वारी गेलो. तिथे आमची कयाक नाही काढली. काळी नदी ओळखीची नाही. तिथल्याच पोरांकडून कडक प्लास्टिकच्या कयाक भाड्यानं घेतल्या आणि सोबत त्यांचा एक माणूस. वर 101 मीटर उंचीचं सुपा धरण आहे. त्याच्या पायथ्याच्या वीजघरात संच सुरू झाले की नदीला पाणी येतं, बंद झाले की उतरतं. सकाळी आठला ज्या खडकावर बसून चप्पल काढली तो साडेनऊला पाण्याखाली. सोबतचा मुलगा म्हणाला, "पाणी यायला लागलंय, आता काठ धरा." नदीचा आवाज आधी बदलला, पाणी नंतर वाढलं. दोन्ही बाजूंना जंगल, वरून मलबारी कवड्या धनेशांची जोडी गेली. त्यांच्या पंखांचा आवाज ऐकून मी वल्हं मारायचं थांबले, तर मागून हे म्हणाले, "बघ तू, मी ओढतो."

जोयड्याकडच्या कुणबी घरी रात्री कंदांची भाजी आणि उकड्या तांदळाचा भात मिळाला. गोकाकच्या पानात आणि या पानात थोड्याच दिवसांचं अंतर, पण एक पदार्थ सारखा नव्हता.

फोटो चढवायला वेळ लागेल. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहिते.

घाटवाट

ताई, फार सुंदर. एळ अमावास्येचं वाचून जीव भरून आला. आम्ही नवरा-बायको गोव्याला जाताना बेळगावला फक्त डिझेल आणि कुंद्यासाठी थांबतो, याची आज खंत वाटली.

तीन प्रश्न. गाडीत असा बदल कायदेशीर आहे का? वीज-पाणी किती पुरतं? आणि रात्री गाडी कुठे लावता? माझ्या बायकोला तिसऱ्याचीच काळजी आहे.

मलप्रभाकाठ

घाटवाट, वहिनींची काळजी रास्त आहे, म्हणून शेवटच्यापासून सुरुवात करते. रस्त्याच्या कडेला, ढाब्यामागे, धरणाच्या भिंतीजवळ कधीच नाही. पहिली पसंती नातेवाइकांचं दार. ते नसेल तर देवस्थानाचं आवार, पुजाऱ्यांना किंवा कमिटीला विचारून. तेही नसेल तर मोठा पेट्रोलपंप, मॅनेजरला सांगून. संध्याकाळी पाचच्या आत ठिकाण ठरवायचं. अंधारात शोधत फिरायचं नाही. त्यातून हा उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. अंधार पडला की यांनी 11 दिवसांत एकदाही चावी लावली नाही.

पाण्याची टाकी 70 लिटरची, दोघांना दोन दिवस. आंघोळीला बादली आणि तांब्या. फवाऱ्यानं पाणी फार जातं. भांडी आधी कागदानं पुसायची आणि मग धुवायची.

विजेचं आणि कायद्याचं हे लिहितायत :

काका लिहितोय. बॅटरी लिथियम, 12 व्होल्ट 100 अँपिअर-तास, म्हणजे 1200 वॉट-तास. पॅनल 200 वॉट. थंडीत निरभ्र दिवशी 700-800 वॉट-तास परत मिळतात. फ्रिज दिवसाला 350-400 खातो, पंखा, दिवे, मोबाइल मिळून 150. म्हणजे जमतं. इंडक्शन शेगडी लावू नका, तासाभरात बॅटरी आडवी होते. स्वयंपाक गॅसवर, खिडकी उघडी ठेवून, आणि झोपताना सिलिंडरचा कॉक बंद. हे माझं रोजचं शेवटचं काम.

कायद्याचं असं की गाडीत मूळ रचना बदलणारं काही करायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आधी आरटीओची मंजुरी लागते आणि ती आरसी बुकात चढवावी लागते. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे. काम करणाऱ्याला त्याची माहिती नसेल तर त्याला गाडी देऊ नका. आम्ही आधी एका ठिकाणी गेलो होतो, ते म्हणाले कागद नंतर बघू. तिथून गाडी तशीच परत आणली. मंजुरी नसेल आणि अपघात झाला तर विमा अडतो.

वल्हेकरी

ताई आणि काका, दोघांचं अभिनंदन. पंख विसरणं प्रत्येकाचं एकदा होतं.

मी गेली काही वर्षं कयाक चालवतो, वाचणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहितो. हा धागा वाचून कुणी उत्साहानं पाण्यात उतरेल, म्हणून.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे बंधारा. आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे गावोगाव आहेत. फुगवट्याचं पाणी तळ्यासारखं शांत दिसतं आणि माणूस भिंतीजवळ जातो. भिंतीवरून चार बोटं पाणी जात असलं तरी ते कयाक ओढतं. खालच्या बाजूला पाणी गोल फिरत राहतं, त्यात पडलेला माणूस लाइफ जॅकेट असूनही बाहेर फेकला जात नाही. आणि बरगे, म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात घातलेल्या फळ्या, काढायला सुरुवात केली की शांत पाण्याची नदी होते. म्हणून वरच्या अंगाला राहा, भिंतीपासून निदान दोन-तीनशे मीटर लांब, आणि बरगे कधी काढणार ते गावात विचारा.

दुसरं म्हणजे वारा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो पाठीला येऊ द्या. उलटं केलं की दमलेल्या हातांनी वाऱ्याशी झगडत परतावं लागतं. ताईंनी हिडकलला कयाक काढली नाही हा या सगळ्या सहलीतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय.

हवेची कयाक उन्हात काठावर ठेवणार असाल तर थोडी हवा सोडा. आतली हवा तापून फुगते, शिवण जाते. माझी गेलीय.

मगरींचं मासे धरणाऱ्या काकांना विचारलंत ते उत्तम. कृष्णेत, अगदी सांगलीपासून खाली कुडची-रायबागच्या पट्ट्यात, मगरी आहेत. दांडेली गावाजवळ काळीतही आहेत. तिथे हवेची कयाक नको, कडेला पाय सोडून बसणंही नको.

आणि दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे. पुढच्यानं ताल धरायचा, मागच्यानं दिशा. मागच्यानं पुढच्याचं वल्हं बघून मारायचं. हे ठरलं की भांडण मिटतं.

मलप्रभाकाठ

वल्हेकरी, बरग्यांचं माहीत नव्हतं. आम्ही भिंतीपासून लांबच होतो, पण ते मासे धरणाऱ्या काकांच्या सांगण्यावरून, कारण कळलं नव्हतं. मूळ लेखात तुमचा हा भाग जोडायला सांगते.

शहापूरवाली

तुमच्या वहिनींच्या मावशी कुठल्या गल्लीतल्या ते विचारत नाही, पण मांड्यांचं वर्णन अगदी तस्सं. एक राहिलं. कणीक मळून झाल्यावर ती तासन्‌तास मुरवावी लागते आणि मधेमधे तेलाचा हात लावून तिंबावी लागते. सगळी मेहनत तिथे. तुमचे दोन फाटले ते हाताच्या सवयीमुळे, कणकेमुळे नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. माझ्या आज्जेसासूबाई सुनांना आधी ओल्या पंचावर सराव करायला लावायच्या. पंचा मनगटावर फिरवता आला की मग कणीक.

कुंद्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत! तीन दिवस राहून?

मलप्रभाकाठ

शहापूरवाली, खरंच राहिलं. कुंदा रोज खाल्ला, घरचा पाहुणा असल्यासारखा, म्हणून लिहायचं सुचलं नाही. भावाच्या शेजारी ताजा करताना पाहिला. दूध आटवत आटवत रवाळ होतं, मग साखर वेगळी जाळून तिचा तांबूस रंग त्यात उतरवायचा. कढईच्या कडेला लागलेली खरवड भाच्यांनी आणि मी वाटून घेतली. बांधून घेतलेला मात्र गाडीतल्या फ्रिजमध्ये ठेवला आणि तो दगड झाला. दुसऱ्या दिवशी वाटी गरम पाण्यात ठेवून मऊ केला. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर थंडीत बाहेरच ठेवा.

पंच्यावरचा सराव आजपासून सुरू करते.

काळीमाती

मी अथणीकडचा. घरी कन्नड, शाळा मराठी. ताई, तुम्ही गोकाकवरून परत फिरलात याचं वाईट वाटलं. जोंधळ्याचा खरा मुलूख त्याच्या पुढे. जानेवारीत हुरडा असतो, शेणीच्या आरावर भाजलेली कणसं, हातावर चोळून, वर शेंगाची चटणी आणि लिंबू. अथणीला चपला करणाऱ्यांची घरं आहेत. ज्याला आपण सगळे कोल्हापुरी म्हणतो ती चप्पल इथे पिढ्यान्‌पिढ्या हातानं शिवतात. 2019 ला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहे. करकर वाजणारी जोडी पायात घालूनच घ्या, बांधून घेऊ नका. पहिल्या दिवशी आत तेल लावून ठेवायची.

येणाऱ्यांसाठी थोडं कन्नड लिहून देतो, उपयोगी पडेल. नीरु म्हणजे पाणी. एष्टु म्हणजे किती. स्वल्प म्हणजे थोडं. बेड म्हणजे नको, पण जेवताना "बेड" म्हणू नका, "साकु" म्हणा. पोट भरलं असा त्याचा अर्थ होतो, वाढणाऱ्याला बरं वाटतं. बाईमाणसाला अक्का, वयस्क असतील तर अज्जी. बाप्याला अण्णा. आणि कन्नड आकडे शिकून या, बसच्या पाट्या आणि गावांची अंतरं वाचता येतात.

पुढच्या वेळी गाडी माझ्या मळ्यात लावा. विहिरीचं पाणी गोड आहे.

मलप्रभाकाठ

अण्णा, हुरड्याला येते. नक्की.

रानपाखरू

सगळं छान, पण एक विनंती आहे आणि ती कळकळीची आहे. हा धागा वाचून लोक गाड्या घेऊन हेम्माडगा, जांबोटी, कणकुंबी भागात शिरतील. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ आहे, ही जात जगात अगदी थोड्या ठिकाणी सापडते. गुहांकडे जाऊ नका, कुणी नेतो म्हटलं तरी नको. जंगलातल्या रस्त्यावर मुक्काम नको, रात्री गाडी घालणं नको. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिथेच तिच्यात साबणाचं पाणी सोडायचं नाही. कॅम्परव्हॅनची सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करता, हे ताईंनी लिहायला हवं होतं.

मलप्रभाकाठ

रानपाखरू, बरोबर बोललात, हे पहिल्याच लेखात यायला हवं होतं. सांडपाणी आम्ही टाकीतच साठवतो. ती 40 लिटरची आहे. भावाच्या घरच्या मोरीत, पेट्रोलपंपावर विचारून गटारात, नाहीतर परत घरी येऊन. शेतात किंवा ओढ्यात एकदाही नाही. संडास केमिकलचा, त्याची पेटी फक्त घरगुती किंवा सार्वजनिक शौचालयात रिकामी केली. हे काम यांनी केलं, रोज, न सांगता.

भीमगडात आम्ही गेलो नाही. कणकुंबीला माउलीच्या देवळात दिवसा जाऊन आलो. नदी जिथे करंगळीएवढी आहे तिथे हात जोडले.

नवीनसंसार

काकू, आमचं लग्न होऊन दीड वर्ष झालं, दोघंही पुण्यात आयटीत. कॅम्परव्हॅन भाड्यानं घेऊन हीच सहल चार दिवसांत करायचीय. पुण्याहून निघून निपाणी, गोकाक, बेळगाव, खानापूर, दांडेली, परत. जमेल ना? आणि नोव्हेंबर चालेल का? एमएच पासिंगच्या गाडीला त्रास होतो का?

मलप्रभाकाठ

बाळांनो, चार दिवसांत हे सगळं होईल, पण तुम्हाला त्यातलं काही लागणार नाही. अर्धं करा. एक तर निपाणी-गोकाक-बेळगाव, म्हणजे भाकरीची बाजू. नाहीतर बेळगाव-खानापूर-गणेशगुडी, म्हणजे भाताची आणि पाण्याची बाजू. पुण्याहून निपाणी 270 किलोमीटर आहे, पहिला दिवस त्यातच जातो. त्या दिवशी आणखी काही ठरवू नका. कयाक करायची असेल तर दुसरी बाजू घ्या आणि गणेशगुडीला दोन रात्री ठेवा, कारण पाणी कधी सोडणार ते तुमच्या हातात नाही.

नोव्हेंबर हवेला उत्तम. फक्त 1 नोव्हेंबर टाळा. तिकडे राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन असतो आणि आपली सीमाभागातली माणसं काळा दिवस पाळतात. बंदोबस्त असतो, कोगनोळीला सीमेवर गाड्या अडकून पडतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, त्या दिवसांतही महामार्गावर मोर्चे आणि पोलीस. निघण्याआधी दोन दिवस बातम्या बघा. एरवी आम्हाला एमएच गाडीचा 11 दिवसांत कसलाही त्रास झाला नाही. भाड्याची गाडी घेणार असाल तर ती कर्नाटकात न्यायचं परमिट आणि कर भरलेत का, ते मालकाकडून कागदावर बघून घ्या, तोंडी नको.

खानापूरवरून जाणार असाल तर आधी निरोप पाठवा. माझा धाकटा भाऊ गावातच असतो, अंगणात गाडी मावते, नळाला सकाळी सहा ते आठ पाणी येतं. टाकी तेव्हाच भरून घ्या. आणि कयाकचा पंख तपासून या.